विमानात मोबाईल बंद का ठेवायचा?

"कृपया आपले मोबाईल फोन बंद करावेत किंवा फ्लाइट मोडवर ठेवावेत," ही सूचना विमानात कधी न बसलेल्यांनाही आता ऐकून ठाऊक झाली आहे. परंतु सूचना ठाऊक असणे वेगळे आणि ती पटणे वेगळे. मला ती पटलेली नव्हती, म्हणून मी ती पाळली नाही. आणि त्याचे प्रायश्चित्त मला स्वारगेट ते सातारा व सातारा ते स्वारगेट असा एस.टी.च्या बाकावर बसून घ्यावे लागले. ती हकीगत आधी सांगते आणि मग नियमाकडे वळते. कारण त्या दिवसाने धडा दिला नसता, तर कला शाखेची मी या विषयाच्या वाटेला गेलेच नसते.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरासाठी मी दिल्लीला गेले होते. शिबिर संपायला दोन दिवस असताना भल्या पहाटे मामाचा फोन आला. साताऱ्याला आजी रात्री घरात पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया करावी लागणार होती. "रेल्वेने येऊ नकोस, फार वेळ जाईल. मी विमानाचं तिकीट काढतो," मामा म्हणाला. पुढे म्हणाला, "ऑपरेशन साताऱ्यात करायचं की पुण्याला न्यायचं, ते डॉक्टर सांगणार आहेत. ठरलं की फोन करतो." मी आजीच्या हाताखाली वाढलेली मुलगी. आयुष्यातला पहिला विमानप्रवास घडत होता, पण त्याचे कौतुक करायला मन जागेवर नव्हते.

शिबिरात तीस मुलींत विजेचे एकच बटण होते, त्यामुळे माझा जुना फोन जेमतेम पाव भरलेला होता. विमानाचे दार बंद झाले, सूचना झाली, हवाई सुंदरी एकेका रांगेपाशी थांबून पाहू लागली. मी फोन ओढणीत गुंडाळला आणि तिने विचारल्यावर खुशाल मान हलवली. मनात म्हटले, माझ्या एवढ्याशा फोनने एवढे मोठे विमान थोडेच पडणार आहे? आणि मामाचा फोन आला तर?

विमान पडले नाही. मामाचा फोनही आला नाही. दोन तासांनी पुण्यास उतरल्यावर ओढणी सोडून पाहिले तो फोन पूर्ण मेलेला! विमानतळावर चार्जिंगची सोय होती, पण एस.टी. चुकेल या घाईने मी तशीच स्वारगेट गाठले. दुसऱ्या कुणाचा फोन मागून घ्यावा, तर मामाचा क्रमांक मला पाठ नव्हता. कुणाचाच पाठ नव्हता. साताऱ्याला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घराला कुलूप होते. शेजारच्या काकू धावत बाहेर आल्या. "अगं, आजीला दुपारीच पुण्याला हलवलं! मामा तुला किती फोन करतोय!" तशीच परत फिरले. पुण्याच्या रुग्णालयात पोहोचायला रात्रीचे पावणेअकरा वाजले. आजीला शस्त्रक्रियेसाठी आत नेऊन तास उलटला होता. "आत जाताना तीनदा विचारलं तिनं, पोर आली का म्हणून," एवढेच मामा बोलला. रागावला असता तर बरे वाटले असते.

आजी आता काठी घेऊन अंगणात फिरते, हे वाचकांनी आधीच ऐकून ठेवावे. पुढे परत आल्यावर मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांना सहज विचारले, "सर, फोनवर मी एक शब्दही बोलले नाही, मग तो संपला कसा?" सर हसून म्हणाले, "तू बोलली नाहीस, पण तो दोन तास ओरडत होता." या एका वाक्यात विमानातील नियमाचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे मी सरांना विचारून आणि ग्रंथालयात बसून गोळा केले, ते येथे मांडते.

फोन ओरडतो म्हणजे काय?

मोबाईल हा रेडिओसारखा नुसता ऐकणारा नव्हे. तो ऐकतो आणि बोलतोही. आपण खिशात टाकून विसरलो तरी तो अधूनमधून जवळच्या मनोऱ्याला "मी येथे आहे" असे कळवीत असतो. मनोरा जवळ असला की त्याला कुजबुजून भागते. मनोरा दूर गेला, संदेश पुसट झाला की तो आवाज चढवतो. जुन्या पद्धतीचे जीएसएम फोन असा आवाज चढवीत २ वॅटपर्यंत जात. आजचे ४जी फोन साधारण पाव वॅटाच्या आत राहतात. डोंगराळ मुलखात रेंज नसलेल्या गावी फोन लवकर उतरतो, हा आपल्या नेहमीच्या अनुभवातला प्रकार. विमानात तेच घडते. धातूच्या कवचात बसलेला फोन खिडक्यांतून मिळेल तो मनोरा धुंडाळीत राहतो आणि आपली सारी शक्ती त्यात घालवतो.

बरे, एवढे ओरडून तरी त्याला उत्तर मिळते का? सहसा नाही. मनोऱ्यांचे अँटेना जमिनीवरच्या माणसांसाठी किंचित खाली झुकवून बसवलेले असतात. आकाशाकडे त्यांचे लक्ष नसते. जीएसएम पद्धतीत तर साधारण ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी मनोऱ्याचे जमतच नाही. शिवाय विमान मिनिटाला चौदा-पंधरा किलोमीटर धावते. एका मनोऱ्याशी ओळख होते न होते तोच दुसरा मनोरा येतो. तात्पर्य, मामाचा फोन मला लागण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. मी नियम मोडला तो ज्या लाभासाठी, तो लाभच अस्तित्वात नव्हता.

नियम दोन, कारणे दोन

आपण समजतो की हा एकच नियम आहे. वस्तुतः तो दोन निरनिराळ्या चिंतांतून जन्मला आहे. एक चिंता आकाशातली, दुसरी जमिनीवरची.

आकाशातली चिंता मोबाईलपेक्षा जुनी आहे. मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने प्रवाशांच्या एफएम रेडिओवर विमानात बंदी घातली. प्रश्न पडेल की, रेडिओ नुसता ऐकतो, त्याने काय बिघडते? पण एफएम संच ऐकण्यासाठी स्वतःच्या पोटात एक लहर निर्माण करतो, आणि ती बहुधा केंद्राच्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची असते. म्हणजे आपण १०० मेगाहर्ट्झचे गाणे लावले, तर संचाच्या आत ११०.७ची लहर उठते व तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. आता गंमत अशी, की १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या केंद्रांसाठी राखलेला आहे. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी यंत्रणाही त्याच पट्ट्यात बोलते. प्रवासी गाणे ऐकतो आणि वैमानिकाच्या दिशादर्शकात भलतीच भर पडते, असा हा मामला. पुढे अमेरिकेत सर्वच विद्युत उपकरणांसाठी नियम झाला आणि त्यातून श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, ध्वनिमुद्रक आणि विजेवर चालणारा दाढीचा वस्तरा यांना वगळण्यात आले. वस्तऱ्याला ही सवलत मिळाली हे वाचून मला हसू आले होते.

दुसरी चिंता जमिनीवरची. मोबाईलची सारी रचना मधमाशांच्या पोळ्यासारखी आहे. प्रदेशाचे लहान लहान घर पाडायचे, प्रत्येक घराला एक मनोरा द्यायचा आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या घरात त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. दोन घरे एकमेकांना "दिसत" नाहीत, म्हणून हे जमते. मध्ये इमारती असतात, टेकड्या असतात, पृथ्वीचा गोलावा असतो. पण फोन १० किलोमीटर उंच नेला की सगळा आडोसा संपला. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असते. पुण्यावर असलेल्या विमानाला मुंबई, कोल्हापूर आणि सोलापूर एकाच वेळी दृष्टीच्या टप्प्यात येतात. तेथून ओरडणारा एक फोन असंख्य मनोऱ्यांच्या कानी पडू शकतो. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ मध्ये उडत्या विमानात ८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईलवर बंदी घातली, ती मुख्यतः जमिनीवरच्या या यंत्रणेच्या रक्षणासाठी. विमान पडेल ही धास्ती त्या नियमाच्या मुळाशी नव्हती. हे वाचले तेव्हा मी चकितच झाले.

विमान खरोखर पडते का?

आता मूळ शंकेकडे येऊ. एका फोनने विमान पडते का? सरळ उत्तर असे की, फोन चालू राहिला म्हणून विमान कोसळले असे सहसा घडत नाही; तसे असते तर माझ्यासारख्या विसराळू आणि लबाड प्रवाशांनी रोज अपघात घडवले असते. विमानातील तारा आणि उपकरणे बाहेरच्या लहरींपासून झाकलेली असतात. परंतु "सहसा नाही" आणि "कधीच नाही" यांत अंतर आहे, आणि विमानवाहतुकीचे सगळे शास्त्र त्या अंतरावर उभे आहे.

ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने २००३ मध्ये काही विमान-उपकरणांवर मोबाईलच्या लहरींचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत होकायंत्राचा काटा अडकणे, दिशादर्शकाने काही अंश चुकीची दिशा दाखवणे, श्राव्य यंत्रणेत खरखर उमटणे, असे दोष आढळले. ही खरखर आपणही ऐकलेली आहे. जुना फोन रेडिओजवळ ठेवला की घंटी वाजण्याआधी "टर्र, टर्र" असा आवाज येई, तीच ही. दिवाणखान्यात ती करमणूक ठरते. पण उतरण्याच्या वेळी नियंत्रण कक्ष उंचीचा आकडा सांगत असताना वैमानिकाच्या कानात ती आली तर?

त्याच वर्षी, जून २००३ मध्ये, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळ एक लहान विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. दहांपैकी आठ जण दगावले. चौकशीत दिसून आले की खुद्द वैमानिकाचाच मोबाईल त्या वेळी चालू होता, आणि त्यामुळे दिशादर्शक उपकरणाने चुकीची खूण दाखवली असण्याची शक्यता आहे, असे चौकशी आयोगाने नमूद केले. शक्यता आहे, एवढेच. खात्री देता आली नाही. या "एवढेच"पाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याला ठाम पुरावा हवा असतो. विमानाला मात्र शक्यता संपलेली हवी असते.

शिवाय फोन एकटा नसतो. विमानात दीडशे-दोनशे माणसे, प्रत्येकाचा फोन वेगळ्या कंपनीचा, कुणाचा नवा, कुणाचा दुरुस्त केलेला, कुणाचा माझ्यासारखा पडून फुटलेला. त्यातील प्रत्येक तपासणे अशक्य. म्हणून सर्वांना मिळून एकच नियम.

हा नियम कागदावरचा नाही, याची एक आठवण देते. माद्रिदहून मँचेस्टरला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने वारंवार सांगूनही फोन बंद केला नाही. १९९९ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाचा तुरुंगवास दिला. हे वाचताना माझी ओढणी मला आठवली, हे कबूल केले पाहिजे.

नियम सैल कसा झाला?

नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नवी विमाने अधिक सोशिक झाली, फोनचे आवाज खाली आले, तपासणीच्या पद्धती सुधारल्या, तसतसा नियमही बदलत गेला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेने फ्लाइट मोडवरील उपकरणे उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरण्यास वाट मोकळी केली. अट अशी की विमान कंपनीने आपली विमाने अशा लहरींना दाद देत नाहीत हे आधी तपासून दाखवावे. एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानेही फ्लाइट मोडची परवानगी दिली. त्यापूर्वी आपल्याकडे उड्डाणात फोन पूर्ण बंदच ठेवावा लागे. त्याच वर्षी युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकून निर्णय विमान कंपन्यांच्या तपासणीवर सोपवला.

फ्लाइट मोड म्हणजे फोनचे तोंड बांधणे, डोळे-कान नव्हे. त्याला मनोऱ्याशी बोलता येत नाही. पण आपण पुस्तक वाचू शकतो, गाणी ऐकू शकतो. आणि बॅटरी वाचते, हे माझ्या पदरचे वाक्य.

मग काही विमानांतून लोक चक्क फोनवर बोलतात, ते कसे? मार्च २००८ मध्ये एमिरेट्सच्या दुबईहून कासाब्लांकाला जाणाऱ्या विमानात अशी परवानगी असलेली सेवा सुरू झाली. त्यातली युक्ती मोठी सुंदर आहे. विमानातच एक चिमुकला मनोरा बसवतात. तो इतका जवळ असतो की सगळे फोन ओरडणे सोडून कुजबुजू लागतात. पुढचा निरोप विमान आपल्या स्वतःच्या अँटेनाने उपग्रहाकडे पाठवते. म्हणजे बंदी घालून जे साधायचे होते, तेच येथे फोनला जवळचा सोबती देऊन साधले.

भारतात २०१८ च्या डिसेंबरात विमान व जहाजांतील दूरसंचारसेवेचे नियम झाले आणि आपल्या आकाशात ३,००० मीटर उंचीवर गेल्यानंतर मोबाईल सेवा देण्याची मुभा मिळाली. त्याखालची उंची जमिनीवरच्या यंत्रणेसाठी सोडली. २०२० मध्ये विमान नियमांत दुरुस्ती होऊन, फोन फ्लाइट मोडवर असताना विमानातील वाय-फाय वापरू देण्याचा अधिकार वैमानिकाला मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत वाय-फाय सुरू केले. माझ्या विमानात ती सोय नव्हती; असती तर मामाचा निरोप मला नियम पाळूनच मिळाला असता!

नियम नुसता सैलच होत जातो असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५जी सेवेचा नवा पट्टा सुरू होताना अनेक विमान कंपन्यांनी, त्यांत एअर इंडियानेही, तेथील काही फेऱ्या रद्द केल्या. विमान जमिनीपासून किती उंच आहे ते मोजणारे रेडिओ उपकरण ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि नवा पट्टा त्याच्या शेजारी आला होता. धुक्यात उतरताना हाच आकडा वैमानिकाचा आधार असतो. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचे ५जी मनोरे उभारू नयेत असे कंपन्यांना कळवले. येथे फोन नव्हे, मनोऱ्यालाच मागे सरकावे लागले. नियम प्रवाशालाच जाचतो, हा माझा समज येथे खोटा ठरला.

एक गोष्ट मात्र यंत्रांपलीकडची आहे. अमेरिकेत विमानातून बोलण्यावरची १९९१ ची बंदी उठवण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये आला आणि २०२० मध्ये मागे घेण्यात आला. विरोधकांत वैमानिक आणि विमानातील कर्मचाऱ्यांच्या संघटना होत्या. चार हातांच्या अंतरावर दोनशे माणसे एकाच वेळी मोठ्याने बोलू लागली, तर संकटाच्या वेळी सूचना ऐकणार कोण? एस.टी.त शेजाऱ्याच्या फोनवरची सबंध सोयरीक ऐकून झालेल्या वाचकांना हा मुद्दा अधिक समजावून सांगायला नको.

शेवटी एवढेच

हे सगळे वाचल्यावर माझे मत बदलले, ते भीतीने नव्हे. "माझ्या फोनने विमान पडेल का?" हा माझा प्रश्नच चुकीचा होता. नियम माझ्या फोनविषयी नाही. तो एकमेकांना न ओळखणाऱ्या दोनशे माणसांमधला करार आहे. त्या विमानात माझ्याखेरीज आणखी कुणाची आजी आजारी असेल, कुणाचे मूल तापात असेल. प्रत्येकाने आपली निकड मोठी मानून फोन ओढणीत लपवला, तर कराराला अर्थ काय उरला?

पण माझी एक तक्रारही आहे. सूचना देणाऱ्यांनी कारणही सांगावे. "फोन चालू ठेवल्यास तो लागणार नाही, बॅटरी मात्र संपेल, आणि वैमानिकाच्या कानात खरखर येऊ शकते," इतकी तीन वाक्ये कुणी उच्चारली असती, तर मी त्या दिवशी मान खोटी हलवली नसती. कारण कळलेला नियम पाळायला पहारेकरी लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी अनुभवाचे दोन बोल. विमानात बसण्यापूर्वी घरी सांगावे की अमुक वेळ मी सापडणार नाही, निरोप लिहून ठेवा. आणि दोन क्रमांक कागदावर लिहून पिशवीत टाकावेत.

ही सगळी हकीगत मी आजीला सांगितली. लहरी, मनोरे, उपग्रह, सारे तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे दोन तास गप्प बसायचं होतं, एवढंच ना? तेवढं तुला लहानपणीही जमलं नाही." एवढे बोलून तिने उशीखालून एक वही काढली. तिच्यात तिच्या थरथरत्या अक्षरात मामाचा, माझा आणि शेजारच्या काकूंचा फोन क्रमांक लिहिलेला होता.

— तृतीय वर्ष, कला शाखा